आईच्या सिममधले आकडे

शहापूरच्या बाजारात एका सेवा केंद्रात मी बसते. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, रेशनकार्डात नाव चढवणं, नाव कमी करणं, असली कामं. दिवसभर मी लोकांची नावं टाईप करते. आधी आडनाव, मग नाव, मग बापाचं नाहीतर नवऱ्याचं. एखादं नाव चुकलं की अर्ज परत येतो आणि तो माणूस पुन्हा भाडं मोडून, दिवस मोडून डोंगरातून खाली येतो. म्हणून नावाच्या बाबतीत मी फार कडक. समोरच्याला दोनदा विचारते. तिसऱ्यांदा विचारावं लागलं तर माझा आवाज चढतो. माझ्यामागे केंद्रात मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, आणि त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. माझ्या हातून गेलेला अर्ज परत येत नाही, ही माझी ऐट आहे.

ही ऐट आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं ते तिच्यामुळेच झालं.

आई डोळखांबच्या वरच्या अंगाला एका पाड्यावर राहते. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. मी लग्न होऊन सापगावला आले, त्यालाही आठ वर्षं झाली. आई एकटी आहे असं मात्र कोणी म्हणू नये, कारण तिच्यामागे चाळीसेक बाया आहेत. लावणीच्या दिवसांत ती बायांची टोळी चालवते. किन्हवलीकडून, सरळगावकडून, पार मुरबाडच्या बाजूनं शेतवाल्यांचे फोन येतात. कोणाला उद्या सहा बाया हव्या असतात, कोणाला परवा दहा. आई पाड्यापाड्यांतून बाया जमवते, पहाटे पिकअप रस्त्याला लावायला सांगते आणि सांगितलेल्या दिवशी सांगितलेल्या बाया शेतात उभ्या करते. बारा म्हणाली तर बारा. ती स्वतः तेरावी असते, पण स्वतःला ती कधी मोजत नाही. तिला मुकादम म्हटलेलं खपत नाही. मुकादम बांधावर छत्री धरून उभा असतो, मी चिखलात असते, असं ती म्हणते.

तिचा नंबर दहाबारा वर्षांपासून एकच. कितीतरी घरांच्या भिंतीवर तो कोळशानं लिहिलेला आहे, कॅलेंडरच्या बाजूला. मुरबाडच्या एका भाताच्या गिरणीत तर चुन्यानं, हाताएवढ्या आकड्यांत लिहिलेला मी स्वतः पाहिला आहे. त्या दिवशी मी गिरणीवाल्याला उगाच सांगितलं की हा माझ्या आईचा नंबर.

तर या नंबरचा फोन म्हातारा झाला होता. साधा, बटणांचा. मागचं झाकण रबरबँडनं बांधलेलं, कारण बॅटरी फुगली होती. दोनदा चिखलात पडून उठलेला. मी दरवर्षी म्हणायची, आई, नवीन घेऊ, आणि ती म्हणायची, ह्यो बोलतो ना, मग झालं. यंदा लावणी तोंडावर आली आणि तिचाच फोन आला.

"बाय, पाचाची चावी बसली. दाबली तरी पाच उठत नाय."

"मग आता तरी नवीन घेशील?"

"पाच पायजे गो मला. पाचाबिगर माझं नाय चालायचं."

मला वाटलं, नंबर लावायला पाच लागतो म्हणून म्हणते. मी लगेच शनिवारी दुपारी तिला शहापूरला बोलावलं. खरं तर मी एकटीनं फोन घेऊन, घरी जाऊन सिम बदलून दिलं असतं. पण सिम काढून माझ्याकडे पाठवायला ती तयार नव्हती. कार्ड जिथं जाईल तिथं मी येणार, म्हणाली. आली, तेव्हा तिचे दोन्ही हात फोनवर होते.

दुकानात नवीन फोन निवडायला दहा मिनिटं लागली, सिमला अर्धा तास. तिचं सिम जुन्या मापाचं, मोठं. नवीन फोनला नखाएवढं लागतं. दुकानदार म्हणाला, कटरनं कापतो. आईनं हात पुढे घालून त्याला थांबवलं.

"कापल्यावर नंबर ऱ्हातो?"

"राहतो मावशी. नंबर त्या पिवळ्या चकतीत असतो. बाजूचं नुसतं प्लास्टिक."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी केंद्रातल्या आवाजात समजावलं. नंबर कार्डात असतो, फोन म्हणजे नुसता डबा. डबा बदलला तरी आतलं तेच राहतं. तिची नंबरांची यादी फोनात नाही, सिममध्येच साठते, हे कापायच्या आधी मी सेटिंगमध्ये बघून घेतलं होतं, तेही सांगितलं. बऱ्याच जणांचं इथंच फसतं. यादी फोनात राहते, सिम दुसऱ्या फोनात जातं आणि मग माणसं म्हणतात, माझे नंबर गेले. माझ्या आईचं तसं होणार नव्हतं, कारण मी होते. हे मी दुकानदाराला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले.

कटर कट्कन वाजला. आईनं डोळे मिटले नाहीत, रोखून बघत होती. कापून उरलेली प्लास्टिकची चौकट दुकानदार कचऱ्यात टाकायला निघाला, तर तिनं तळहात पसरला आणि ती चौकट घेऊन कमरेच्या पिशवीत ठेवली. कशाला म्हणून मी विचारलं. कार्डाचीच हाय ना, म्हणाली.

गडबडीत फोनच्या खोक्यातली सिमच्या कप्प्याची सुई दुकानात राहिली. सापगावला घरी आल्यावर लक्षात आलं. मी चिडले, नवऱ्याला परत बाजारात पिटाळायच्या बेतात होते, तेवढ्यात आईनं बांगडीतली सेफ्टी पिन काढून माझ्या हातात दिली. भोकात पिन घातली, कप्पा बाहेर आला. मी सिम ठेवलं, ते बसेना. पुन्हा फिरवून ठेवलं, तरी बसेना. आई शेजारून शांतपणे म्हणाली, "त्याचा एक कोपरा कापलेला हाय, कप्प्याचापन हाय. कोपऱ्याला कोपरा लाव." मी लावला आणि ते बसलं. माझी सासू हसली. मी नाही हसले.

फोन चालू झाला, रेंजच्या काड्या एकेक करत उभ्या राहिल्या. आईला ते पुरेसं नव्हतं. लावून बघ, म्हणाली. मी माझ्या फोनवरून तिचा नंबर लावला. तिच्या हातात तो नवा फोन वाजला आणि तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मला स्पष्ट दिसला. फक्त स्क्रीनवर माझं नाव यायच्या जागी १४१ असं काहीतरी आलं होतं. नव्या फोनचा घोळ असेल, मी मनात म्हटलं, उद्या बघू.

रविवारी सकाळी मी यादी उघडली. एकही नाव नाही. ११२. १३१. २२१. २४३. ३११. पुढे ०१, ०२, ०३. शेवटी ९९. अशी खाली खाली जाणारी आकड्यांची रांगच. आधी मला हसू आलं. मग राग आला. आईला लिहिता-वाचता येत नाही, म्हणजे हे नंबर तिला कोणीतरी भरून दिले असणार, आणि त्या माणसानं पाड्यावरच्या बायांची नावं लिहायचेही कष्ट घेतले नाहीत, असं माझ्या डोक्यानं घेतलं. आमच्या बाया म्हणजे काय कैदी आहेत, नुसते आकडे लावायला? त्यांना नाव आहे, आडनाव आहे. माझ्याकडे त्यांचे अर्ज येतात, मी एकेकीचं पूर्ण नाव टाईप करते. इथंही करीन.

आई ओट्याशी बसून भाजी निवडत होती. मी आकडा दाखवायची, "हा कोणाचा गं?" ती मान न उचलता स्क्रीनकडे एक नजर टाकायची आणि नाव सांगायची. कोणाची सून, कोणाची जाऊ, तेही सांगायची. एकदाही अडली नाही. मध्येच म्हणाली, "काय करतंस?" मी म्हटलं, "नवीन फोनात नीट भरतेय." ते खरंच होतं. तिला बरं वाटलं आणि मलाही.

एका ठिकाणी तिनं जे नाव सांगितलं ते मी मघाशीच लिहिलं होतं. आडनाव तेच, नाव तेच, नवऱ्याचं नावही तेच. आई तेवढ्यात मागच्या अंगणात गेली होती. मला वाटलं, एकाच बाईचे दोन नंबर आहेत, हा जुना असणार. मी तो पुसला. मग प्रत्येक नोंद दुहेरी दिसायला लागली, एक फोनातली नावाची आणि एक सिममधली आकड्यांची. मी सिममधली सगळी पुसून टाकली. यादी स्वच्छ दिसायला लागली. केंद्रात एखादा मोठा अर्ज एका फटक्यात गेला की जसं हलकं वाटतं, तसं वाटलं. दुपारच्या जीपनं आई फोन घेऊन वर गेली.

सोमवारी अकराच्या सुमाराला केंद्रात माझा फोन वाजला. आई होती. तिला उभ्या जगात एकच नंबर पाठ आहे, माझा.

"बाय, माझे आकडे कुठं गेले?"

"कसले आकडे?"

"फोनात सगळी अक्षरं आली हायत. खालीवर केलं, सगळीकडं अक्षरंच."

"आई, ती नावं आहेत. सगळ्या बायांची पूर्ण नावं लिहिली मी. तू नुसतं वाच आणि..."

बोलता बोलता मी थांबले. समोर एक बाई रेशनकार्ड घेऊन बसली होती, ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. आकडे तिला येत होते. घड्याळावरून आणि कॅलेंडरवरून तिनं ते स्वतः शिकून घेतले होते, हे मला लहानपणापासून माहीत होतं. अक्षर मात्र एकही येत नव्हतं, हेही माहीत होतं. शनिवारपर्यंत माझ्या आईला तिचा फोन वाचता येत होता. मी तिला सिम बदलून दिलं आणि तिला निरक्षर करून ठेवलं.

आई ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती शांतपणे सांगायला लागली. सरळगावच्या बाजूला एक आजी आहे, नवरा अंथरुणाला खिळलेला. दुसऱ्या एका टोळीनं तिला दोनदा दिवस दिला आणि दोन्हीदा फिरकली नाही. आवणाची, म्हणजे लावणीसाठी वाफ्यात वाढवलेली, रोपं जून होत चालली, आणखी दोन दिवस गेले तर लावण्यात अर्थ नाही, ती नुसती गुरांना टाकायची. आजी काल संध्याकाळी फोनवर रडली. आईनं शब्द दिला, बुधवारी बारा बाया घेऊन येते. आता हातात फोन होता, रेंज होती, शब्द दिलेला होता, आणि बोलवायचं कोणाला ते तिला दिसत नव्हतं.

"पाड्यावरच्या कोणाकडून वाचून घे," मी म्हटलं.

"शाळा शिकलेलं आज कोन हाय पाड्यावर? सगळी कामाला गेली. आनि दुसऱ्याच्या तोंडानं मी माझी टोळी बोलवू का?"

केंद्राच्या मालकाकडे मी दोन दिवसांची सुट्टी मागितली. मी सुट्टी घेत नाही, त्यामुळे त्यानं घरी कोणी आजारी आहे का म्हणून विचारलं. मी म्हटलं, नाही, एक अर्ज परत आलाय.

सोमवारी वर जाणारी शेवटची जीप मला मिळाली नाही. मंगळवारी सकाळी पहिल्या जीपनं गेले. आईच्या घरात पडवीच्या एका खांबापाशीच रेंज येते. त्या खांबाला एका बाजूनं मी टेकले, दुसऱ्या बाजूनं ती. मी म्हटलं, प्रत्येकीचा फोटो लावून देऊ का, म्हणजे ओळखशील. ती म्हणाली, "तोंडं मला ठावं हायत. तू वाचत जा, मी सांगते तसं भर."

मी पहिलं नाव वाचलं.

"एक, एक, दोन," आई म्हणाली.

दुसरं वाचलं.

"एक, तीन, एक."

पाचसहा नावं झाल्यावर मी हात थांबवला. "आई, हे तुला कोणी ठरवून दिलं?"

"कोन देनार? माझं मीच." आणि मग तिनं मला तिची यादी समजावून सांगितली. मी तिला सिम समजावलं होतं ना, तशीच, पण आवाज न चढवता. पहिला आकडा पाड्याचा. आपला पाडा एक, ओहळापलीकडचा दोन, असं ज्या वाटेनं ती चालत जाते त्या वाटेनं पुढे. दुसरा आकडा घराचा, विहिरीकडून मोजायला लागायचं. तिसरा आकडा, त्या घरातून लावणीला येऊ शकतील अशा बाया किती. शून्यानं सुरू होणारे सगळे शेतवाले. नव्व्याण्णव पिकअपवाला.

"म्हंजे फोन आला ना, चार बाया पायजे," ती म्हणाली, "तर मी एक एक दोन, एक तीन एक, दोन दोन एक असं बघते. बेरीज चार झाली की थांबते. मग नाव घेऊन हाक मारते ती फोनात. नाव तोंडात असतंय, लिवायचं कशाला?"

एखादीच्या घरी सून आली की आई त्या घराचा शेवटचा आकडा वाढवायची. पोरगी लग्न होऊन गेली, कोणाला दिवस गेले, कोणाचा गुडघा धरला, की कमी करायची. पाचव्या पाड्यातल्या एका घरी गेल्या महिन्यात सून आली होती आणि तिला पाच दोन एकचं पाच दोन दोन करायचं होतं, म्हणून तिला पाचाची चावी हवी होती. नंबर लावायला नव्हे. आमच्या केंद्रात रेशनकार्डात सून चढवायला महिने जातात. आईच्या सिममध्ये ती वरातीच्या दुसऱ्या दिवशी चढत होती. सहा पाड्यांची अख्खी खानेसुमारी त्या पिवळ्या चकतीत होती, दहाबारा वर्षं, दररोज ताजी, आणि एका रविवारी सकाळी मी ती कचरा समजून पुसली.

मला अभिमान वाटत होता आणि लाजही, दोन्ही एकदमच. अभिमान मोठा होता. आपल्या आईनं एवढं काही केलं आहे आणि ते आपल्याला आज कळतंय, याचा राग त्याहून मोठा. मी तिला म्हटलं, "एवढ्या वर्षांत मला का नाही सांगितलंस?"

"तू कवा इचारलंस?"

आम्ही पुढे गेलो. मी नाव वाचायची, ती आकडे सांगायची, मी ते भरायची आणि लगेच फोन लावून द्यायची. ती बोलायची. "उद्या सरळगाव. पिकअप पहाटे पाचाला. कोयती नको, आवनाची रोपं उपटून ठेवलेली हायत." दोन मिनिटांत बोलणं संपायचं. एक बाई हो म्हणाली, दोघी हो म्हणाल्या, एका घरातून कोणीच नाही, त्यांची स्वतःचीच लावणी होती. मग मी ते नाव वाचलं, जे रविवारी दोनदा आलं होतं.

"तीन, दोन, एक," आई म्हणाली. "आनि दुसरी?"

"दुसरी कोण?"

"त्याच नावाची. पाचव्या पाड्यावरची. पाच, एक, एक. आमच्याकडं एका नावाच्या तीन तीन हायत गो."

मी काय केलं ते सांगितलं. आईनं नुसतं "बरं" म्हटलं. त्याच पाड्यावरच्या दुसऱ्या घराचा नंबर होता, तिथं फोन लावला. तिकडची बाई म्हणाली, आम्ही दोघी सासवासुना येतो, पण ती गेली. सोमवारी तिनं तुझ्या फोनची वाट पाहिली. नाही आला म्हणून संध्याकाळी दुसऱ्या टोळीला आठवडाभरासाठी हो म्हणून बसली. तिचा नंबर मात्र त्यांनी दिला आणि मी तो लिहून घेतला.

फोन ठेवल्यावर आईनं माझ्या हातातून तो नवा फोन घेतला. पाच दोन एकची नोंद मी उघडून दिली. तिनं शेवटचा एक पुसला आणि बोटानं जपून दोन दाबला. काचेवर बोट हलकं टेकायचं असतं हे तिला तोवर जमलं होतं. "आता पाच चालतो," म्हणाली.

दुपारचा एक वाजला. यादी संपत आली होती. आईनं बोटांच्या पेरांवर मोजलं. अकरा. मी पुन्हा वरपासून वाचलं, कोणी राहिलं का. कोणी राहिलं नव्हतं. ज्या घरातून येण्यासारखी बाई होती ती प्रत्येक घरातून एकतर येत होती, नाहीतर सोमवारीच कुठेतरी बांधली गेली होती. मी म्हटलं, "अकरा घेऊन जा ना. एकीनं काय होतं? आणि तू आहेसच की."

"मी मला मोजत नाय."

"आजीला कळणार आहे का?"

"मला कळंल ना." तिचा आवाज तेव्हा पहिल्यांदा जरा कडक झाला. "ते दोनदा बोलून आले नायत. मी बारा बोलून अकरा नेल्या, तर त्यांच्यात आनि माझ्यात फरक काय ऱ्हायला?"

मी शेवटची नोंद उघडली. माझीच होती. रविवारी मी तिथं माझं पूर्ण नाव लिहिलं होतं, सासरच्या आडनावासकट. आधी तिथं काय होतं ते मला आता आठवलं.

"एक, चार, एक," आई म्हणाली.

"पहिला पाडा, चौथं घर," मी म्हटलं. "म्हणजे हे घर."

"हां."

"आणि बाई एक."

"हां."

"आई, माझं लग्न होऊन आठ वर्षं झाली. मी सापगावची. तू पोरी गेल्या की आकडा कमी करतेस ना?"

"बाकीच्यांचा करते," ती म्हणाली. "तुझा काय करू? पाडा उठला का घर पडलं?"

मी १४१ भरलं आणि फोन तिच्या हातात दिला. माझे डोळे भरून आले होते आणि ते तिला दिसू नयेत म्हणून मी अंगणाकडे बघत राहिले. तेवढ्यात माझ्या मांडीवरचा माझा फोन वाजला. आई. मी खांबाच्या पलीकडे डोकावून पाहिलं. ती फोन कानाला लावून समोर बघत बसली होती, माझ्याकडे नव्हे. मी फोन उचलला.

"हॅलो," ती म्हणाली. तिचा आवाज मला दोन्हीकडून ऐकू आला. "उद्या सरळगावला लावनी हाय. एक बाय कमी पडते. येशील?"

"येते," मी म्हटलं.

"पिकअप पहाटे पाचाला. जुनं लुगडं नेस." आणि तिनं फोन ठेवला.

लावणीचं मी फार सांगत नाही. मी शेवटची चिखलात उतरले होते ती बारावीच्या सुट्टीत. पहिल्या तासात माझी कंबर गेली, दुसऱ्यात पाय. माझी ओळ वाकडी जात होती आणि पाचव्या पाड्यावरची नवी सून न बोलता माझ्या बाजूची चार रोपं जास्त लावून ती सरळ करत होती. तिचं नाव मला माहीत होतं, मी ते टाईप केलं होतं. पण ते मी विसरले होते आणि मला फक्त पाच दोन दोन आठवत होतं. दुपारपर्यंत बोलणं बंद झालं, मग हात आपोआप चालायला लागले. दिवस कलायच्या आत आजीचं सगळं शेत हिरवं झालं.

सकाळी पिकअपमधून उतरलो तेव्हाची गोष्ट मात्र सांगायची आहे. आजी बांधावर आली होती. तिनं आम्हाला बोट दाखवत मोजलं, दोनदा फसवली गेलेली बाई मोजेल तसं. बारा झाल्या तेव्हा तिनं पदरानं तोंड पुसलं. मग तिची नजर माझ्यावर थांबली. माझे पांढरे पाय, नखांवरचं पॉलिश, हे लपण्यासारखं नव्हतं. "ही कोन गो?" तिनं आईला विचारलं.

आईला माझी ओळख करून द्यायची हौस आहे. लग्नात, बाजारात, जीपमध्ये, कोणीही विचारो न विचारो, ती सांगते, माझी लेक, शहापूरला कॉम्प्युटरवर असते. मी त्या वाक्याची वाट पाहत होते. मला ते अंगवळणी पडलं होतं आणि खरं सांगायचं तर आवडायचंही.

आई तेव्हा पदर कमरेला खोचत होती. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"आमच्या टोळीतली हाय," म्हणाली, आणि चिखलात उतरली.